गाण्याच्या मधोमध

चष्मेवाल्या बाईंनी काच घासायचं चाक सुरू केलं, की दुकानातल्या रेडिओला कुणी विचारत नसे. त्या दुपारी मात्र त्यांनी चाकच बंद केलं. तेच संथ रॉक गाणं लागलं होतं. आधी एकटी गिटार, मग तो घोगरा गडी. जगातलं सगळं दुःख जणू याच्याच वाट्याला आलंय!

दुसरं कडवं संपलं. बाई कान देऊन थांबल्या. गिटार वाजली, ड्रम वाजले. आई काही बोलली नाही.

बोलेल कशी? सोळाव्या वर्षी हे गाणं त्यांनी रेडिओसमोर टेप ठेवून भरलं होतं. टेप सुरू असताना घरादाराने मूग गिळून बसायचं, हा त्यांचा कायदा. दादासुद्धा श्वास रोखून बसे. आणि ऐन रंगात स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अगं, गॅस बंद केलास का?" उत्तर दिलं तर तेही टेपमध्ये जाणार, म्हणून यांनी नुसते डोळे वटारले. दोन दिवस अबोला धरला. पुढच्या आठवड्यात गाणं पुन्हा लागलं, तेव्हा त्याच कॅसेटवर नव्याने भरलं. अगदी स्वच्छ.

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. फोटो ढीगभर होते, आवाज कुठेच नव्हता. आपणच तो पुसला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आज मात्र राहवलं नाही. त्यांनी दादाला फोन लावला आणि सांगता सांगता रडू कोसळलं.

"कुठली पुसतेस तू!" दादा म्हणाला. "त्या कॅसेटच्या खुंट्या मी त्याच रात्री मोडल्या, म्हणजे तिच्यावर काही भरता येऊ नये. तुला चिडवायला जपून ठेवली होती. तुझ्या हातात दिली ती दुसरी, कोरी. रागाच्या भरात तू बघितलंस कुठे?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"आईचा विषय काढला की तू फोन ठेवतेस, ठमाबाई. थांब जरा."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ खुडबुड झाली. मग फोनमधून गाणं फाटत फाटत येऊ लागलं. दुसरं कडवं संपलं.

"अगं, गॅस बंद केलास का?"

दुकानात चष्मा न्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. बाईंचं लक्षच नव्हतं.

"हो गं आई," त्या मोठ्याने म्हणाल्या, "कधीच केला."