ताईची सुट्टी

माझ्या धाकट्या भावाच्या अंत्यविधीला मला धरून चार माणसं होती. एक त्याच्या दुकानाच्या जागेचा मालक, एक मावसभाऊ आणि एक शेजारीण. शेजारणीचं वॉशिंग मशीन दुकानात अडकलं होतं, ते कधी मिळेल हे तिने मला तिथेच विचारलं. अर्ध्या गावाची मशीनं त्याने दुरुस्त केली, पण मशीन चालू लागलं की दुरुस्त करणारा कोणाच्या लक्षात राहतो? मला राग आला तो त्याचाच. हृदय बंद पडून माणूस खुर्चीत बसल्या बसल्या गेला आणि त्याच्यासाठी हळहळायला माझ्याशिवाय कोणी नाही, हे काही मला सहन होईना.

आम्ही दोघंच राहायचो. लग्न त्याने केलं नाही आणि माझं टिकलं नाही. मी एका हॉटेलच्या चादरींच्या खोलीत काम करते. आलेल्या चादरी उजेडात धरायच्या, डाग असेल ती डावीकडे, फाटकी असेल ती खाली, चांगली असेल ती इस्त्रीला. वर्षअखेरीला सगळं जग सुट्टीवर निघतं, त्यामुळे त्यांच्या चादरी बदलणाऱ्यांना सुट्टी नसते. दरवर्षी मी त्या दिवसांत घरी येऊन आदळआपट करायची आणि हा पठ्ठ्या शांतपणे म्हणायचा, "ताई, आधी प्लग काढ. मग अक्कल लाव." कोणत्याही बिघाडावर त्याचं हे पहिलं औषध होतं, आणि मला तो बिघाडच समजायचा.

तो गेल्यावरही त्याच्या खोलीतला टॅब अधूनमधून टिंग वाजत राहिला. जुनी घरगुती मशीनं दुरुस्त करणाऱ्यांचा एक फोरम होता, देशोदेशीची मराठी माणसं त्यावर होती. जेवताना, झोपताना, हा त्यातच डोकं घालून बसलेला. कोण कुठल्या मशीनचा पट्टा विचारतंय आणि हा एकटाच खुदुखुदु हसतोय. मी चिडून म्हणायची, "तोंड न पाहिलेल्या माणसांशी कसल्या गप्पा मारतोस रे?" पण आता वाटलं, असतील तर हीच माणसं असतील त्याची. त्यांना तरी कळायला हवं. रविवारी दुपारी हॉटेलातून आले, हातपाय धुतले आणि त्याच्या टेबलाशी बसले.

टॅब उघडला आणि मी कपाळाला हात लावला. वर पाटी होती: 'सुट्ट्यांचा खेळ सुरू आहे.' वर्षअखेरीच्या दोन आठवड्यांत इथे सगळे आपापली टोपणनावं बदलतात, असं खाली लिहिलं होतं. सुट्टीवरून काहीतरी गमतीचं नाव घ्यायचं, ते आधीच कळवून ठेवायचं, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांची नावं एकदम पालटतात. मग थापा मारायच्या आणि कोण कोण आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ज्याला ओळखलं त्याचं जुनं नाव परत येतं, आणि त्यानंतर त्याने खोटं बोलायचं नाही.

नावं तरी काय एकेक. 'हॉटेलचा साबण', 'समुद्रावर मोजे', 'विमानात रडणारं बाळ', 'सासरी आठ दिवस'. आणि माझ्या भावाने जाण्याआधी कळवून ठेवलेलं नाव होतं 'ताईची सुट्टी'. घरातली थट्टा मेल्याने चव्हाट्यावर मांडली होती. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून लगेच रडूही आलं.

मी एका बोटाने लिहिलं, "मी या माणसाची मोठी बहीण. माझा भाऊ गेल्या महिन्यात वारला. तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे."

टिंग टिंग सुरू झालं.

"वा, यंदा सुरुवातच दणक्यात," असं 'समुद्रावर मोजे'ने लिहिलं.

'विमानात रडणारं बाळ' म्हणालं, "मागच्या वर्षी एकाने स्वतःचं तिसरं लग्न जाहीर केलं होतं. हे त्याच्याही वरताण आहे."

"ताई, भावाचं नाव काय?" हे 'हॉटेलचा साबण'.

मी त्याचं नाव लिहिलं. आईने ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावर असलेलं, संपूर्ण नाव. ते तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला ओळखत होते ते टोपणनावाने, आणि ते मी कधी विचारलंच नव्हतं. टॅबवरही आता फक्त 'ताईची सुट्टी' दिसत होतं. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कोणीतरी म्हणालं, असलं खरंखुरं वाटणारं नाव बनवायलाही डोकं लागतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शपथेवर सांगते, असं लिहिलं, तर म्हणे खेळात शपथा चालतात. टॅब भिंतीवर फेकून मारावा असं वाटलं. बंद करणारच होते, तेवढ्यात 'सासरी आठ दिवस'चा निरोप आला.

"थट्टा बाजूला. सासूबाईंचं मशीन मध्येच बंद पडलंय. मोठ्या तोऱ्यात म्हणालो मी बघतो. मागचं झाकण काढलंय, खाली पाणी सांडलंय, मोटर गुणगुणतेय पण फिरत नाही. हाताने फिरवून बघू का?"

त्याखाली कोणी लिहिलं, सासूबाईंना फिरवून बघ. कोणी लिहिलं, जावयाची परीक्षा आहे. सगळे खिदळत होते आणि तो माणूस पाण्यात उभा राहून मोटरला हात लावणार होता. मला मशीनमधलं काही कळत नाही, पण गुणगुणतेय म्हणजे वीज चालू आहे एवढं कळतं. माझी तिडीक बोटांत उतरली.

"आधी प्लग काढ. मग अक्कल लाव."

मग एकदम धो धो सुरू झालं.

"खडखड!"

"अरे हा खडखड आहे! दुसरं कोण असणार?"

"बहिणीचं सोंग घेऊन आला होता लेकाचा."

आणि माझ्या डोळ्यांदेखत 'ताईची सुट्टी' पुसलं गेलं आणि तिथे 'खडखड' उमटलं. इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या भावाचं हे नाव मला तेव्हा कळलं.

किती आनंद झाला होता त्यांना. कोणी म्हणे, तुझ्याशिवाय मजा नाही. कोणी म्हणे, तू सांगितलेला पट्टा अजून टिकलाय. मी वाचत राहिले. तो गेल्यापासून मला पाहिजे होतं ते हेच, की कोणीतरी त्याच्याबद्दल असं बोलावं. फक्त ते बोलत होते जिवंत माणसाशी. मी गप्प बसले असते तर तो त्यांच्यात आणखी काही दिवस राहिला असता. खरं सांगते, मला गप्प बसावंसं वाटलं.

तेवढ्यात 'हॉटेलचा साबण'ने लिहिलं, "कुठे होतास रे इतके दिवस? ड्रायरवरून आपलं वाजलं, तेव्हापासून तुझं नाव दिसलं नाही. मला वाटलं तू चिडलास. मी जरा जास्तच बोललो होतो. झोप लागत नव्हती मला."

हा माणूस माझ्या भावासाठी जागला होता. त्याला फसवणं मला जमेना.

मी लिहिलं, "आता ओळखलंत ना? मग आता खोटं बोलता येत नाही. खडखड गेला. मी त्याची ताईच. तो तुमच्यावर चिडला नव्हता. चिडायचं काम आमच्या घरात माझ्याकडे होतं."

खिडकीखालून कोणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिच्या साखळीचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकू आला.

मग 'हॉटेलचा साबण' पुसलं गेलं आणि तिथे 'जुना वॉशर' आलं. "मी जुना वॉशर," त्याने लिहिलं. "कोणी ओळखलं नाही, मीच सांगतो. खेळ बंद करा." त्यामागून 'समुद्रावर मोजे' गेलं, 'विमानात रडणारं बाळ' गेलं. एकेकाने आपलं सोंग स्वतःच्या हाताने उतरवलं आणि खाली एक ओळ लिहिली. ताई, मी त्याच्याकडून शिकलो. ताई, तो तुमच्या चादरींच्या गोष्टी सांगायचा. काहींनी फक्त नाव लिहिलं. अंत्यविधीला माणसं येतात तशी ती येत राहिली, उशिरा का होईना. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि माझं मन काही हलकं झालं नाही. आता त्यांचाही विश्वास बसला होता. तो कुठेच उरला नव्हता.

सगळ्यात शेवटी 'सासरी आठ दिवस'चा निरोप आला. तो इतका वेळ मशीनपाशी होता, मधलं काहीच त्याने वाचलं नव्हतं.

"खडखड, प्लग काढला. पाणी पुसलं. आता पुढे काय करू?"

एवढे सगळे मेकॅनिक तिथे बसलेले, पण सवयीने सगळे खडखडच्या उत्तरासाठी थांबले. टॅब मांडीवर घेऊन मीही थांबले.