समोरची फळी

नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात थेरन कुबिचेक क्वार्टरबॅक होता, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणारा गडी. हात असा की चाळीस यार्डांवर पळणाऱ्या गड्याच्या ओंजळीत चेंडू नेमका पडायचा. पण चेंडू हातात येण्याआधी समोर दुसऱ्या संघाचे चार धिप्पाड गडी वाकून उभे असत. त्यांतला कोण कुठून घुसणार, हे त्याला उमगत नसे. ते घुसत आणि थेरन आडवा होई.

कोच हॅन्राटी जुन्या सामन्यांच्या फिती दाखवायचे. "बघ, हा आपल्या गड्याच्या नाकासमोर उभा आहे की खांद्याबाहेर? फट कुठे पडलीय?" थेरन मान डोलवायचा. त्याला ती नुसती भिंत दिसे.

त्याच्या खोलीत राहणारा मलाकी फोनोटी संघाच्या बचावफळीतला. त्याने सोपी युक्ती सांगितली. "जमिनीवर टेकलेला माझा हात बघ. बोटं पांढरी पडली की समज, भार पुढे आहे. येतोय मी. हात सैल असला तर मागे सरकणार. समोरच्या कुणाचंही असंच."

त्या युक्तीवर थेरनचा अख्खा हंगाम निघाला. कोचच्या फितींसमोर तो खुशाल डुलक्या काढू लागला.

पुढच्या वर्षी मलाकी कॅन्ससमधल्या कॉलेजात गेला. नोव्हेंबरात दोघे समोरासमोर आले.

"जाड झालास," मलाकी वाकता वाकता म्हणाला.

"तुझ्या आईच्या हातचं खाऊन."

मलाकीची बोटं पांढरी पडली होती. हा येणार म्हणून थेरनने त्याच्या डोक्यावरून झटकन चेंडू फेकला. पण मलाकी मागे सरकला होता. त्याने चेंडू अलगद झेलला. पुढच्या खेपेला हात सैल होता, आणि मलाकी थेट छातीवर आला.

"बोटं बघत होतास ना?" तो वरूनच म्हणाला.

"तूच शिकवलंस."

"तेव्हा एका संघात होतो आपण."

मध्यंतरात थेरन कोचपाशी गेला. "ते फटीचं परत सांगा."

हॅन्राटींनी टोमणा मारला नाही. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर चार फुल्या मारल्या.

उत्तरार्धात थेरनने मलाकीच्या हाताकडे पाहिलंच नाही. मलाकी उजवीकडे खांद्याबाहेर उभा होता, त्याच्या शेजारचा आणखी लांब. मधे मोकळी जागा. थेरनने ओरडून चाल बदलली, चेंडू धावणाऱ्या गड्याच्या पोटाशी दिला आणि तो गडी त्या जागेतून सुसाट निघाला. मग समोरच्यांनी मधली फट बुजवली, तशा कडा मोकळ्या पडल्या. थेरन तिकडे फेकू लागला.

तरी सामना तीन गुणांनी गेला.

हात मिळवताना मलाकीने विचारलं, "रागावलास?"

"आज आहे राग. उद्या विचार."

परतीची बस उत्तरेकडे, नेब्रास्काला निघाली. थेरन कोचशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "आजच्या पूर्वार्धाची फीत लावा."