रिकामी पिशवी

"फुंक, ताई. शेवटपर्यंत. पोटातलं सगळं बाहेर येऊ दे."

"पोटात आहे काय? सकाळपासून उपाशी ठेवलंयस," ताई म्हणाली आणि तिने नळी पुन्हा तोंडाला लावली. चंदेरी पिशवी टम्म फुगली. धाकट्या भावाने चटकन तोटी बंद केली.

इस्पितळात त्याला सगळे फुगेवाला म्हणत. लोकांचे श्वास पिशवीत भरून यंत्राला द्यायचे, हे त्याचे काम. फुप्फुसाच्या कॅन्सरचा माग नुसत्या श्वासातून लागावा, अशी डॉक्टरबाईंची खटपट होती. उभा जन्म काचनळ्या धुण्यात घालवलेल्या या माणसाला त्या खटपटीने जणू पंख फुटले होते. यंत्र अजून एकदाही चुकले नव्हते. आजारी माणसाला लाल दिवा, धडधाकट माणसाला हिरवा. हल्ली तो जिना चढताना शीळ घालू लागला होता.

ताईचा खोकला हटत नव्हता, म्हणून बाईंना न विचारताच त्याने तिला वरच्या मजल्यावर यंत्रापाशी आणले होते. दिवा हिरवा लागला.

"बघ, ठणठणीत आहेस."

"मग तो उद्याचा छातीचा स्कॅन रद्द कर बाबा. त्या बोगद्यात मला नाही शिरायचं."

त्याने उभ्या उभ्या फोन करून रद्द केला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाई धापा टाकत आल्या. "फुगेवाले, खाली वॉर्डात चला. गंमत दाखवते."

वॉर्डातली फरशी नुकतीच पुसली होती. यंत्र बाईंनी आधीच खाली आणून ठेवले होते. बाईंनी एक रिकामी पिशवी घेतली आणि पंपाने तिच्यात वॉर्डातली हवा भरली. "यात कोणाचाही श्वास नाही. बरोबर?" ती पिशवी त्यांनी यंत्राला लावली.

दिवा लाल.

"सापडलं," बाईंचे डोळे लकाकत होते. "आजाऱ्यांचे श्वास आपण इथे घेतले, बाकीच्यांचे वर. आपलं यंत्र रोग ओळखतच नाही हो. फरशी पुसायच्या औषधाचा वास ओळखतं. आता सगळ्यांचे श्वास एकाच खोलीत, पुन्हा पहिल्यापासून. मजा येईल. अहो, चेहरा का उतरला?"

"वर घेतलेला श्वास..."

"हिरवाच येणार. रोग असो, नसो."

त्याने ताईचे सांगितले. बाईंच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "आत्ता स्कॅनला घेऊन या त्यांना," त्या म्हणाल्या.

घरी ताई शेजारणीला सांगत होती, "माझी फुप्फुसं तरण्या पोरीसारखी आहेत म्हणे. भावाचंच यंत्र आहे ना." शेजारीण जाईपर्यंत तो दारातच उभा राहिला. मग त्याने सगळे सांगितले.

"म्हणजे मला झालाय तो?"

"माहीत नाही, ताई. यंत्राला काहीच कळत नव्हतं. आणि मला त्याच्याहून कमी."

ताईने शेजारणीचा चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, "यंत्राचं मरू दे. तुला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं रे. म्हणून मी बिनघोर झोपत होते." आणि ती चपला शोधू लागली.

स्कॅनच्या दारापाशी तिने केसांतल्या पिना एकेक काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. मग चष्मा काढून दिला. तो बरोबर निघाला, तसे तिने त्याला अडवले.

"लहान मुलांनी बाहेर थांबायचं."

चष्म्यावाचून तिला दार धड दिसत नव्हते. एक हात पुढे करून, भिंत चाचपत, ताठ मानेने ती आत गेली.