भिंतीवरचं जहाज

पुलाच्या मधोमध पद्माकर थांबले आणि नातीला समोर दाखवत म्हणाले,

"तो बघ जाई, टँकर. पोटात तेल भरलंय, म्हणून एवढा खाली बसलाय."

जाई कठड्याला नाक लावून बघत राहिली. मरीन परेडच्या घरातून समुद्रावर जाताना रोज हमरस्त्यावरचा हा पूल चढावा लागे, आणि रोज आजोबांना इथेच एखादं जहाज दिसे. पलीकडे धुरकट पाण्यावर कितीतरी जहाजं नांगर टाकून उभी असत. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे, त्यामुळे ती हवेतच टांगल्यासारखी वाटत. छातीतली कळ ओसरेपर्यंत पद्माकर त्यांच्याकडे बघत. मग म्हणत, "चल." घरी आल्यावर जाई आईला त्या दिवसाच्या जहाजाची गोष्ट सांगे.

उभी हयात त्यांनी इंजिनरूममध्ये काढली होती. जहाजावरची माणसं वादळाला भीत नाहीत, मेडिकलला भितात. तिथे दुखणं सांगितलं की घरी बसायची पाळी. म्हणून कुणी सांगतच नाही. पाठ मोडली तरी 'फिट'. ही सवय पद्माकरांच्या हाडीमाशी खिळली होती.

बायको गेल्यावर ते अलिबागचं घर बंद करून परदेशात लेकीकडे आले. लेकीच्या घरी राहायचं आधी त्यांच्या जिवावर आलं होतं. आता मात्र त्या रिकाम्या घराचं कुलूप पुन्हा उघडायची कल्पनाही त्यांना नको वाटे. जावई धवल भला माणूस. पण त्याने आडपडदा ठेवला नव्हता.

"बाबा, आपण इथे नवे. बाहेरच्या माणसाला इथल्या हॉस्पिटलचा खर्च झेपत नाही. विमा मिळाला तरच तुम्हाला ठेवून घेता येईल."

विम्याच्या मेडिकलसाठी लेकीने, अनुजाने, ऑफिसला दांडी मारली. शाळेला सुट्टी म्हणून जाईही बरोबर होती. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, आणि नेमकी लिफ्ट बंद. पद्माकर ऐटीत जिना चढू लागले. वळणावर ते थांबले. कपाळावर घाम आला होता. त्यांनी हात वर केला.

"ते बघ, जाई. जहाज."

जाईने बघितलं. तिथे खिडकीसुद्धा नव्हती, नुसती पांढरी भिंत.

"व्हेअर गॉट शिप, आजोबा? ओन्ली वॉल लाह!" तिथल्या शाळेत उचललेल्या इंग्रजीत म्हणत ती खिदळली.

अनुजाला हसू आलं नाही. वडिलांचा हात तसाच हवेत होता. जाईने सांगितलेली पुलावरची सगळी जहाजं तिच्या डोळ्यांपुढून एकामागून एक संथपणे सरकत गेली. तिने तो हात आपल्या खांद्यावर घेतला. उरलेल्या पायऱ्या तिघं हळूहळू चढली.

डॉक्टर एक तरुण चिनी बाई होती.

"एनी चेस्ट पेन, अंकल?"

"नो, नो." पद्माकरांनी छाती पुढे काढली. "फिट."

"येस," अनुजा म्हणाली. "व्हेन ही क्लाइंब्ज."

लेकीचा एवढा राग त्यांना जन्मात आला नव्हता. ते गर्रकन वळले, तर तिचे डोळे भरून आलेले. राग कुठच्या कुठे गेला.

डॉक्टरने स्टेथोस्कोप त्यांच्या छातीला लावला.

"बॅग कधी भरायची, अनू?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधी श्वास घ्या, बाबा."