राकेशची चुकलेली ओळ

हिवाळ्यातले पांढुरके ऊन टेबलावर उतरले, की सुमतीताईंच्या लाल पेन्सिलीची खरखर सुरू होई आणि इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या संगणक-कारखान्यात सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येत. नवऱ्याच्या बदलीमुळे साताऱ्याहून चंदीगडला आलेल्या या बाई. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, कुणीही केलेला बदल त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. त्यांची रीतही जगावेगळी: ज्याने बदल लिहिला, त्याने समोर बसून ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची. "डोळे पुढे पळतात गं, जीभ पळत नाही," असे मला म्हणत. आमच्यातला राकेश वाचताना अडखळला की त्या नुसती भुवई उचलत, आणि तो चष्मा सावरत हसे, "मॅडमजी, पक्का है!"

त्या दिवशी राकेश आला नव्हता. बहिणीला भेटून तो बसने जालंधरहून परतणार होता, आणि पंजाबातल्या त्या दहशतीच्या दिवसांत त्याच रस्त्यावर अतिरेक्यांनी बस अडवून गोळीबार केल्याचे रेडिओने सकाळी सांगितले होते. नावे सांगितली नव्हती. ताईंनी त्याचे कागद ओढले आणि त्याच्या वाटचे वाचन ओठांतल्या ओठांत स्वतःच सुरू केले.

चूक सापडली. थांबलेली कामे कर्नलमध्ये साखळीसारखी गुंफलेली असतात, प्रत्येक कडीजवळ फक्त पुढच्या कडीचा पत्ता. मधली कडी काढताना राकेशने तो पत्ता आधी टिपून ठेवला नव्हता. तेवढ्याने पुढची सारी साखळी हरवली असती.

"एक ही तो लाइन है, आप ठीक कर दीजिए," साहेब म्हणाले. यंत्र संध्याकाळी रवाना व्हायचे होते.

"राकेश को आने दो. वोही ठीक करेगा."

फोन वाजला की पेन्सिल थबके. मला त्यांच्या हट्टाचा रागच आला होता. मग हळूहळू उमगले. ती ओळ आपण लिहिली, तर तो येणार नाही हे आपणच कबूल केले, असे त्यांना वाटत होते.

ऊन भिंतीवरून ओसरत असताना पुन्हा फोन आला. साहेबांनी तो ऐकला आणि खाली ठेवला. आमच्याकडे त्यांना बघवेना. राकेश त्याच बसमध्ये होता.

ताईंनी ती ओळ दुरुस्त केली, कागद साहेबांच्या हाती दिले आणि शालीत तोंड लपवून रडल्या.

काळ सगळ्यांच्या चुका पोटात घालतो म्हणतात. पण गेलेल्या माणसाची चूक पुसताना, तो ज्या ओळीत अजून उरलेला असतो, तिथूनही आपण त्याला निरोप देत असतो.