ज्या दुपारी मी उलटा फिरलो

मित्रांनो, मी एक जुना वीजमीटर आहे आणि आयुष्यात एकदा, भर दुपारी, मी उलटा फिरलो आहे. हसू नका! मीटरच्या जन्माला येऊन उलटं फिरायला मिळणं ही काय चीज आहे, ते तुम्हाला सांगायला मी कधीचा उतावीळ झालो आहे. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर सगळी गंमत जाईल.

एका कारखान्याच्या लांबलचक खोलीत माझा जन्म झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात ॲल्युमिनियमची पातळ चकती अलगद बसवली. चकतीच्या कडेला एक काळी खूण होती. घरात वीज वापरली जाईल तशी ही चकती फिरणार आणि तिच्या फिरण्याने वरचे आकडे पुढे सरकणार, एवढंच माझं काम. बाईंनी चकतीवर हळूच फुंकर मारली, ती गर्रकन फिरली, आणि बाई म्हणाल्या, "जा बाळा. खोटं बोलू नकोस म्हणजे झालं." प्रत्येक मीटरला त्या हेच सांगत. मी आजवर त्यांचा शब्द मोडलेला नाही.

मग माझी रवानगी एका घरात झाली. दाराच्या आत, जिन्याखालच्या कोनाड्यात मला ठोकून बसवलं. जागा अंधारी होती, पण तिथून पुढची खोली दिसे, आतल्या खोलीचं दार दिसे आणि घरातलं सगळं बोलणं ऐकू येई. घराचे मालक घड्याळजी होते. पुढे ते आजोबा झाले. मुलगा आणि सून त्यांना अण्णा म्हणत, नात आजोबा म्हणे. मीही आजोबाच म्हणतो. चाकं फिरताना दिसली की त्यांचा जीव हरखून जायचा. ते माझी काच धोतराच्या सोग्याने नव्हे, चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने पुसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून आणून दाखवत. "बघा, काय गुणी यंत्र आहे! कसली कुरकुर नाही, तेलपाणी नाही."

अहो, मी फुशारून जायचो. तेव्हा घरात दोन दिवे आणि एक रेडिओ. मी डुलक्या घेत फिरायचो. मग पंखे आले, फ्रिज आला, कपडे धुणारं यंत्र आलं. माझा वेग वाढला, पण तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नसे. उलट नवीन वस्तू आली की सगळे एकदा येऊन माझ्याकडे बघत. "पळतोय बघ कसा!" म्हणत हसत.

आजोबांचा मुलगा छापखान्यात कामाला लागला. त्याचं लग्न झालं आणि घरात सून आली. ती येताना एक लाकडी कपाट घेऊन आली. ते अंडी उबवायचं यंत्र होतं. आत बल्ब होते. कपाट थंड झालं की बल्ब लागत, पुरेसं गरम झालं की टक्‌ करून विझत. बाहेर एक बारीकसा लाल दिवा तेवढा सतत जळत राही. सून दिवसातून कितीतरी वेळा अंडी हलक्या हाताने फिरवायची. मग एके दिवशी आतून टकटक सुरू व्हायची, टरफलाला तडा जायचा आणि ओलं, लडबडलेलं पिल्लू बाहेर पडायचं. आसपासची माणसं तिच्याकडून पिल्लं न्यायची. काही वर्षांनी तिला मुलगी झाली. ती एका जागी क्षणभर टिकत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

असे आनंदाचे दिवस चालले होते. मग विजेचे दर वाढले. थोडे दिवस गेले आणि पुन्हा वाढले. मी पूर्वीइतकाच फिरत होतो, पण बिल मात्र दर खेपेला जाडजूड होऊन येत होतं. भिंगरीचे बाबा ते हातात घेऊन थेट माझ्यासमोर येऊन उभे राहत. "चोर आहे हा! बघ, बघ कसा पळतोय!"

मित्रांनो, मला फार लागायचं ते. दर काही मी ठरवत नव्हतो. पण रागवायला समोर कुणीतरी लागतं ना! माझी काच पुसणं बंद झालं. कोळ्याने माझ्या कानाशी जाळं विणलं. आणि बाबांनी घरात बटणं बंद करत फिरण्याचा सपाटा लावला. कुणी आंघोळीला गेलं तरी बाहेरून दिवा बंद! आतून भिंगरी ओरडे, "बाबा, डोळ्यात साबण गेलाय!" फ्रिज दुपारचा बंद राहू लागला. पंख्याचा आकडा तीनच्या वर गेला की बाबांचा आवाज पाचवर जायचा. वाईट नव्हते हो ते. काळजीने माणूस चिडका होतो, तसं झालं होतं.

एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "ते कपाट विकून टाकू. सगळी वीज तेच खातं."

भिंगरीच्या आईचा घास हातातच राहिला. "अंडी ठेवून दहाच दिवस झालेत. आतली पिल्लं निम्मी तयार झालीत."

"ही निघू देत. मग विकू."

ती उठून अंडी फिरवायला गेली. आजोबा ताटाकडे बघत राहिले.

त्यानंतर काय झालं, ते फक्त मला माहीत होतं. उन्हाळा ऐन भरात होता. छत तापून घराची भट्टी व्हायची. रोज दुपारी, बाबा कामावर, भिंगरी शेजारी खेळायला आणि आई मागच्या खोलीत असली की, माझी चकती अचानक मंदावायची. आतल्या खोलीत आजोबा आपला पंखा बंद करत होते! चारच्या सुमाराला आईच्या चपला वाजल्या की ते गुपचूप पुन्हा चालू करत. मला सगळं कळत होतं. पण मीटरला तोंड कुठे असतं? मला फक्त फिरता येतं, नाहीतर थांबता येतं.

अशाच एका दुपारी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला पडताळून बघायचं होतं, आपलं कपाट खरंच एवढी वीज खातं का. फ्रिज बंद होता. कपाटाचे बल्ब लागले तेव्हा मी फिरत होतो. ती टक लावून बघत होती. मग कपाट टक्‌ करून वाजलं, बल्ब विझले, आणि मी हळू होत होत जवळजवळ जागच्या जागी थांबलो.

मी मनातल्या मनात ओरडत होतो. बघ ना गं! नीट बघ ना!

"वीज गेली की काय?" ती पुटपुटली. तिने मान वळवली. पुढच्या खोलीत कपाटाचा लाल दिवा जळत होता. म्हणजे वीज होती. तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं. कपाळावर आठी आली. "मग अण्णांचा पंखा?"

पुढच्या क्षणी ती आत धावली. आजोबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामाने चिंब, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. तिने हाका मारल्या तरी त्यांना नीट उत्तर देता येईना. तिने पंखा लावला, ओल्या फडक्याने अंग पुसलं, शेजाऱ्यांना हाक मारली आणि त्यांच्या गाडीतून आजोबांना दवाखान्यात नेलं. मी रिकाम्या घरात फिरत राहिलो. वेळ मला कधीच इतका लांबलेला वाटला नव्हता.

संध्याकाळी सगळे परत आले. आजोबा चालत आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

आईने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "अण्णा, पंखा का बंद केलात?"

आजोबा ओशाळून हसले. "अगं, बिल थोडं कमी आलं असतं तर तुझं कपाट राहिलं असतं. मी वाऱ्यावाचून भागवेन गं. पिल्लांना उबेवाचून कसं चालेल?"

बाबा त्यांच्या पायाशी येऊन बसले. "अण्णा, मी पंख्यावरून ओरडत होतो, पण... तुमच्यावर नव्हतो हो ओरडत." आजोबांनी त्यांच्या केसांतून हात फिरवला, लहानपणी फिरवत तसा.

दुसऱ्या दिवशी बाबा छापखान्यातून आले ते हातात एक चुरगळलेलं पत्रक नाचवतच. "ऐका, ऐका! छतावरच्या सोलरचं पत्रक आहे. किती महिने मीच छापतोय ही, गठ्ठेच्या गठ्ठे! आज पहिल्यांदा वाचलं!"

"छापणाऱ्याने वाचायचं नसतं वाटतं," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात सगळे खदखदून हसले.

मग सोलरवाली ताई आली. शिडीवरून सरसर वर गेली, कुठे सावली पडते ते बघून खाली आली. बाबांनी विचारलं, "ढग आले तर काय?"

"ढग आले तर वीज कमी. पाऊस आला तर अजून कमी. रात्री शून्य, तेव्हा नेहमीसारखी तारेतून घ्यायची. पण ऊन असताना उरलेली वीज तुमच्या घरातून तारेत परत जाईल, आणि तेवढी बिलातून वजा होईल." ती घाम पुसत म्हणाली, "बिल गायब होतं असं मी कुणाला सांगत नाही. खूप कमी होतं, एवढं सांगते."

तिचं बोलणं आजोबांना आवडलं. "ही बाई घड्याळजी झाली असती," ते म्हणाले. बँकेचा हप्ता ठरला, त्या खेपेची पिल्लं विकून थोडी रक्कम आली, आणि एका सकाळी छतावर ठोकाठोक सुरू झाली. काय ती गडबड! निळ्याकाळ्या पाट्या जिन्यावरून वर जात होत्या. भिंगरी वर-खाली धावून सगळ्या बातम्या पुरवत होती. "पहिली बसली! दुसरी बसली! बाबांच्या अंगठ्यावर हातोडी बसली!"

दुपारी वीज कार्यालयातला फिटर नवीन मीटर घेऊन आला. येणारी वीज आणि जाणारी वीज, दोन्ही मोजणारा. मला कळून चुकलं, आता आपले दिवस भरले. इतक्यात आजोबा खुर्ची ओढत माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "दादा, ह्याला काढण्याआधी वरचं सोलर एकदा चालू करून बघता येईल का? ह्यानेही बघू दे की."

फिटरने कान खाजवला. "चाचणी तर करायचीच आहे. चला, दोन मिनिटं."

सगळे माझ्यासमोर गोळा झाले. कपाट चालू होतं, फ्रिज चालू होता. "पंखा पाचवर ठेवा!" आजोबांनी फर्मान सोडलं. मी चांगला वेगात होतो. वरून ताईने हाक दिली, "चालू करते हं!"

आणि मित्रांनो, माझ्या अंगातून काहीतरी शिरशिरत गेलं. माझी चकती मंदावली. आणखी मंदावली. काळी खूण समोर आली आणि तिथेच अडली. मला वाटलं, संपलो.

मग खूण हलली. आली होती त्याच बाजूला परत गेली!

"उलटा! आई, उलटा फिरतोय!" भिंगरी किंचाळली. मी फिरत होतो, आधी चाचपडत, मग गरगर, जन्मात कधी न गेलेल्या वाटेने. पंखा भणाणत होता, फ्रिज घुरघुरत होता, कपाटाचे बल्ब झगझगत होते, तरीही वीज उरून तारेत चालली होती! ज्यांनी मला चोर म्हटलं होतं, ते बाबा माझ्या काचेला नाक लावून लहान मुलासारखे हसत होते. आई डोळे पुसत होती. आणि आजोबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "घड्याळ उलटं फिरलं की आम्ही म्हणायचो बिघडलं. हे उलटं फिरलं आणि घर सुधारलं!"

दोन मिनिटं संपली. सोलर बंद करून फिटरने माझ्या तारा सोडवल्या. आजोबांनी मला हातात घेतलं आणि मऊ फडक्याने माझी काच शेवटची पुसली. "प्रामाणिक राहिलास रे," एवढंच म्हणाले.

फिटरने मला स्कूटरच्या पुढच्या जाळीत ठेवलं आणि आम्ही निघालो. जिन्याखालच्या कोनाड्यातून मी पहिल्यांदाच रस्त्यावर आलो होतो. वर बघितलं तर काय, ऊन! केवढं ते ऊन! छतांवर, झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर नुसतं सांडलेलं, आणि कुणी मोजत नव्हतं. मी आयुष्यभर वीज मोजली, पण इतका उजेड कधी बघितला नव्हता.

आता मी वीज कार्यालयाच्या कोठीत आहे. फिटर अधूनमधून त्या घराच्या गोष्टी सहकाऱ्यांना सांगतो. पावसाळ्यात बिल थोडं वाढलं, पण पूर्वीसारखी कुणाची झोप उडाली नाही. आईने दुसरं कपाट घेतलं. बाबा दर सुट्टीला छतावर जाऊन पाट्यांवरची धूळ पुसतात, आणि भिंगरी खालून हुकूम सोडते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्याकडे फक्त बिल आल्यावर रागाने बघू नका. अधूनमधून सहज थांबा, तो काय सांगतोय ते बघा. रिकाम्या खोलीतला दिवा जरूर बंद करा. छतावर ऊन पडत असेल तर त्याला कामाला लावा. पण घरात माणसं असूनही कधी तो अगदीच हळू फिरताना दिसला, तर वीज वाचली म्हणून लगेच खूश होऊ नका. आधी आतल्या खोलीत जाऊन या.