बॉनेटवरची वर्तुळं

मी एक जुनी चिंधी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. चिंधी म्हटलं की तुम्हाला ओट्याखालचं कुबट फडकं आठवत असेल, पण मी तसली नव्हे. माझा जन्म दुपट्याचा. जावा बेटावरच्या मुंतिलान गावातल्या कार्सोकाकांचा नातू माझ्यात गुंडाळलेला असायचा. रोज धुऊन धुऊन मी इतकी मऊ झाले, की नातू चालायला लागल्यावर काकांनी मला टर्रकन फाडलं, चौकोनी तुकडा केला आणि म्हणाले, "आता ही गाडीच्या अंगाला लागणार."

गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे हातानं घालवायचे, हा काकांचा धंदा. एक बादली, पॉलिशचा डबा आणि मी, एवढाच पसारा. आमच्याकडे मेरापी नावाचा ज्वालामुखी डोंगर मधूनच राख उडवतो. लोक सकाळी उठतात, दारातली गाडी राखेनं माखलेली बघतात आणि कोरड्याच फडक्यानं गोल गोल पुसून मोकळे होतात. ती राख असते काचेसारखी. घरच्या सावलीत गाडी छान दिसते आणि उन्हात काढली की रंगावर वर्तुळंच वर्तुळं! मग येतात तोंड पाडून काकांकडे. काका कसले सोडतात?

"आधी पाणी ओतायला काय झालं होतं? गाडी पुसलीत का किसलीत?"

ओरखडा कसा जातो, ते सांगते. तो काही भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग घासत घासत त्याच्या तळापर्यंत उतरवायचा. दर वेळी गाडीचं थोडं अंग जातं. जुन्या गाडीचा तर रंगच माझ्यात उतरायचा. मी कधी लाल व्हायचे, कधी हिरवी. काका मला साबणानं धुवायचे, की मी परत पांढरी. गिऱ्हाईक चकचकीत दारात बघून केस सारखे करायचं. माझ्याकडे कोण बघतंय! पण काका मला पिळून दोरीवर टाकताना म्हणायचे, "हिच्यासारखी दुसरी मिळायची नाही." तेवढं मला पुरत असे.

एक दिवस एक जुनी निळी गाडी आली. चालवत होता हेंद्रो, जकार्ताला नोकरी करणारा. शेजारी त्याची आई, विदार्तीबाई. हेंद्रोचे वडील पुर्नोमो जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या प्रार्थनेला सगळे नातेवाईक जमणार होते. बाबांची गाडी त्या दिवशी अंगणात नव्यासारखी उभी राहावी, असं पोराच्या मनात होतं.

"काका, सगळी चकाचक करा. एक ओरखडा दिसता कामा नये."

"बॉनेट सोडून," विदार्तीबाई म्हणाल्या.

"आई, आता हे काय मधेच?"

त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. उन्हात तिथं वर्तुळांचं जाळं चमकत होतं. "कार्सोभाऊ, हे रोज पहाटे नमाज झाला की लुंगीच्या तुकड्यानं राख पुसायचे. मी ओरडायची, अहो, आधी पाणी घ्या! ऐकतील तर शपथ. हा बघा त्यांचा हात, इथून असा फिरायचा. फोटोत नुसतं तोंड आहे हो. हात एवढाच उरलाय."

"अगं, ते ओरखडे आहेत," हेंद्रो हसला.

"असू देत ना ओरखडे."

काकांनी मान डोलावली. त्यांनी आईला शब्द दिला, माझ्यादेखत. आणि खरंच, दारं झाली, डिकी झाली, छप्पर झालं. बॉनेटला आम्ही शिवलोही नाही. मग हेंद्रो एकटाच आला आणि गाडी बघून त्याचा चेहरा उतरला.

"काका, हे असं? उद्या मावश्या म्हणतील, बापाची गाडीसुद्धा पोराला धड करता आली नाही."

"तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

"आई काय, दोन दिवस रडेल. मग अशी चमकताना बघून खूश होईल. मी तिच्यासाठीच करतोय ना? करा हो तुम्ही. जबाबदारी माझी."

काका बराच वेळ पॉलिशचा डबा हातात घेऊन बसले. घरचा एकुलता एक मुलगा सांगतोय, त्यात आपण परके कोण, असं काहीसं पुटपुटले आणि त्यांनी मला बोटांभोवती गुंडाळलं. मित्रांनो, चिंधीला नाही म्हणता येत नाही. मी घासत गेले. एकेक वर्तुळ पुसट झालं, मग गेलं. मी निळी निळी झाले. इतकं वाईट मला कुठल्याच गाडीवर वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विदार्तीबाई काकांसाठी केळीच्या पानात भात आणि सोयाबीनचं तळलेलं टेंपे घेऊन आल्या. गाडी उन्हात उभी होती. त्यांनी पुडकं खाली ठेवलं, बॉनेटवर वाकल्या, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"कुठं गेले?"

"गेले सगळे!" हेंद्रो म्हणाला. "बघ, तुझं तोंड दिसतंय."

"मला माझं तोंड नव्हतं रे बघायचं."

काकांनी खाली मान घातली. बाईंनी त्यांना एका शब्दानं दुखवलं नाही. फक्त विचारलं, "भाऊ, निघालेला रंग जातो कुठं?" काकांनी मला त्यांच्यापुढे उलगडलं. बाईंनी मला घेतलं, घडी केली आणि पदराआड धरलं. "हिला धुऊ नका," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी त्यांच्या उशीखाली राहिले. रात्री त्या मला बोटांनी चाचपायच्या. गाडीजवळ त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत.

परवा बाई गेल्या. आवराआवर करताना हेंद्रोला मी सापडले. आईच्या उशीखाली असली मळकी चिंधी बघून त्याला भडभडून आलं. "आई गं, हे असलं घेऊन झोपत होतीस?" म्हणाला, आणि स्वतः बादली भरून बसला. दोनदा साबण लावला. फार हळुवार हातानं चोळत होता आणि रडत होता. निळं पाणी मोरीतून वाहून गेलं. मग मला वाळवून, घडी घालून, त्यानं आईच्या कपड्यांत ठेवलं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणाच्या घरातला डाग काढायला बसाल, तेव्हा आधी त्या माणसाला विचारा, आणि सांगेल ते ऐका. हेंद्रोला सांगितलं होतं.

मी आता अगदी स्वच्छ आहे.